डोळ्यातल्या पाण्यातली कात्री: केराटोकोनस असेल तर अश्रूंचा रिपोर्ट कसा वाचायचा आणि चोळणं कसं सोडायचं

केराटोकोनस, म्हणजे डोळ्याचा पुढचा पडदा पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याचा आजार, आहे असं कळलं की पहिल्या आठवड्यात माणूस दोन गोष्टी करतो, रात्र रात्र मोबाईलवर त्याबद्दल वाचत बसतो आणि वाचून डोळे शिणले की ते मस्त चोळतो. मी पण तेच केलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा, बायोकेमिस्ट्री शिकत होतो, एन्झाइम म्हणजे काय हे परीक्षेत चार पानं लिहून आलेलो, आणि तरी माझ्या डोळ्यातल्या पाण्यातच पडदा कापणाऱ्या एन्झाइमच्या कात्र्या फिरतायत आणि मी बोटांनी त्यांना धार लावतोय हे डोक्यात शिरायला दोन वर्षं गेली. म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, आणि लॅबमध्ये थोडी वर्षं काढलेला माणूस आहे. औषध तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं, पण रिपोर्ट हातात आल्यावर काय विचारायचं आणि घरी काय करायचं हे इथे सांगतो.

आधी हे पडद्याचं प्रकरण समजून घ्या

कॉर्निया म्हणजे बुबुळाच्या पुढचा काचेसारखा पारदर्शक पडदा. मधोमध त्याची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. त्यातला ९० टक्के भाग स्ट्रोमा, म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे एकावर एक रचलेले थर, आणि हे धागे एकमेकांना आडवे टाके घालून बांधलेले असतात. पडद्याची ताकद नुसत्या धाग्यात नसते, त्या टाक्यांत पण असते. टाके सैल झाले, धागे कापले गेले, की आतून येणाऱ्या डोळ्याच्या दाबाने तो भाग पातळ होत पुढे शंकूसारखा फुगतो. हाच केराटोकोनस. बहुतेकांचा वयात येताना सुरू होतो, वीस-तिशीत वाढतो आणि चाळिशीच्या आसपास बऱ्याच जणांचा आपोआप मंदावतो. जॉन नॉटिंगहॅम नावाच्या डॉक्टरने १८५४ मध्ये यावर सविस्तर लिहून ठेवलंय, म्हणजे आजार काही नवा नाही, नवीन आहे ती त्यामागची केमिस्ट्री.

आता कापणारा कोण? मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज नावाचं एन्झाइमांचं एक मोठं कुटुंब आहे, सगळे त्याला एमएमपी म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. एमएमपी-१ आणि एमएमपी-१३ थेट कोलॅजेन कापतात, एमएमपी-२ आणि एमएमपी-९ कापलेलं, उसवलेलं कोलॅजेन आणखी बारीक करतात. सगळ्यांना काम करायला जस्ताचा अणू लागतो. आणि हे कोणी व्हिलन नाहीत बरं का. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी या कुटुंबातला पहिला एन्झाइम शोधला तो बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. पिल्लाचा बेडूक होताना शेपटी विरघळून जाते ना, ती विरघळवणारा हाच. आपल्यातही जखम भरताना जुना माल कापून काढायला हेच लागतात, यांच्याशिवाय कॉर्नियावरचा साधा ओरखडाही नीट भरणार नाही.

शरीराने या कात्र्यांवर पहारेकरी पण ठेवलेत, टिंप नावाची प्रथिनं, जी एमएमपीला जाऊन चिकटतात आणि बंद पाडतात. शिवाय टाके घालणारा शिंपी वेगळा, लायसिल ऑक्सिडेज, त्याला काम करायला तांबं लागतं. केराटोकोनसच्या पेशंटमध्ये संशोधकांना जे दिसलं ते असं: कात्र्या जास्त, पहारेकरी कमी, शिंपी सुस्त. २००५ च्या एका अभ्यासात या पेशंटच्या अश्रूंमध्ये एमएमपी-९ आणि त्याबरोबर आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे निरोपेसुद्धा वाढलेले सापडले, त्याआधी पुस्तकात सरळ लिहिलेलं असायचं की हा बिनदाहाचा आजार आहे. डोळा लाल नाही, सूज नाही, म्हणून दाह नाही असं सगळे धरून चालले होते. आता तसं ठामपणे कोणी म्हणत नाही.

पण इथेच एक गोची आहे, आणि माझा सगळा मुद्दा खरं तर हाच आहे. अश्रूंमधला एन्झाइम हा धूर आहे. धूर दिसला म्हणजे कुठेतरी काहीतरी जळतंय हे नक्की, पण तो चुलीचा आहे की घराला आग लागलीय हे नुसत्या धुरावरून कळत नाही. एमएमपी-९ कोरड्या डोळ्यात वाढतो, ॲलर्जीत वाढतो, पापण्यांच्या कडा सुजल्या तरी वाढतो, इन्फेक्शनमध्ये तर वाढतोच. त्यामुळे रिपोर्ट घाबरायला नाही, वापरायला शिकायचा.

टेस्ट करायला जाताना

दवाखान्यात जी झटपट टेस्ट मिळते ती प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखी असते. खालची पापणी जरा ओढून आतल्या गुलाबी भागावर दोनचार ठिकाणी मऊ टोक टेकवतात, पट्टी द्रावणात बुडवतात, दहा मिनिटांनी बघतात. निळी रेघ म्हणजे टेस्ट नीट चालली, सोबत लाल रेघ आली तर एमएमपी-९ एका मिलिलिटरला ४० नॅनोग्रॅमच्या वर आहे. ही टेस्ट मुळात कोरड्या डोळ्यासाठी बनलेली आहे, केराटोकोनसचं निदान करायला नाही, हे पहिल्यांदा लक्षात ठेवा. पॉझिटिव्ह आली म्हणून शंकू वाढतोय असं होत नाही आणि निगेटिव्ह आली म्हणून वाढत नाहीये असंही होत नाही.

दुसरी पद्धत रिसर्चवाल्या ठिकाणी असते, काचेच्या केसासारख्या बारीक नळीने किंवा शर्मरच्या (अश्रू किती येतात ते मोजायच्या) कागदी पट्टीने अश्रू गोळा करतात आणि लॅबमध्ये मोजतात. नळीचे आणि कागदी पट्टीचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नाहीत, कारण पट्टीतून अश्रू परत काढायला ती द्रावणात भिजवावी लागते आणि कागदात थोडं प्रथिन अडकूनही बसतं. आमच्या पेशंटच्या ग्रुपमधल्या एकाने नळीचा जुना आणि पट्टीचा नवा रिपोर्ट शेजारी ठेवून "माझा एन्झाइम निम्म्यावर आला" म्हणून पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पद्धत बदलली होती, बाकी काही नाही.

सॅम्पल कसं दिलं यावर अर्धा रिपोर्ट असतो. डोळ्यात एकावेळी पाणी असतं किती, तर साधारण सात मायक्रोलिटर, थेंबाचा छोटासा अंश. त्यात तुम्हाला काही टोचलं, झोंबलं, किंवा नर्सने नळी पापणीला लावली आणि डोळा भरून आला, की ते पाणी वेगळं. रडताना किंवा झोंबल्यावर येणारं पाणी ग्रंथीतून धो धो येतं आणि कॉर्नियाजवळचा सगळा माल पातळ करून टाकतं. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगने १९२२ मध्ये अश्रूंमधला लायसोझाइम हा जंतू मारणारा एन्झाइम जगासमोर आणला तेव्हा लॅबमधल्या लोकांच्या डोळ्यात लिंबाचा रस पिळून पाणी काढत होते म्हणे, आणि लायसोझाइम ग्रंथीतूनच भरपूर येतो म्हणून त्याचं ते जमून गेलं. एमएमपीसाठी हे चालणार नाही. शांत बसा, डोळे हलके मिटा-उघडा, आणि डोळा पाणावला तर सांगा की मॅडम जरा थांबा, पाच-दहा मिनिटांनी परत घेऊ. लाजू नका, त्यांनाही चांगलं सॅम्पलच हवं असतं.

वेळेचं पण आहे. झोपेत डोळे मिटलेले असतात तेव्हा अश्रूंचं वाहणं जवळजवळ थांबतं, पांढऱ्या पेशी जमतात आणि एमएमपी-९ चढतो, उठल्यावर हळूहळू उतरतो. म्हणजे उठल्या उठल्या दिलेलं सॅम्पल आणि दुपारचं सॅम्पल ही दोन वेगळी माणसं समजा. पहिली टेस्ट दुपारी केली असेल तर पुढची पण दुपारीच करा. ड्रॉप्स टाकायच्या आधी, भूल द्यायच्या आधी, पिवळा रंग घालायच्या आधी, शर्मर करायच्या आधी ही टेस्ट व्हायला हवी, नाहीतर पातळ झालेलं पाणी मोजलं जाईल. बऱ्याच ठिकाणी रिसेप्शनलाच बाहुली मोठी करायचे थेंब टाकून बसवतात, तर आत जायच्या आधीच विचारून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तेही सांगा, लेन्स घातल्याने अश्रूंमधलं हे सगळं मिश्रण बदलतं. आणि आदल्या दिवशी डोळे चोळले असतील तर खरं सांगा, मी एकदा नाही म्हणालो होतो आणि मग माझ्याच रिपोर्टचा अर्थ मला लागेना.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

पहिला प्रश्न, यांनी एन्झाइम किती आहे हे मोजलंय की तो किती काम करतोय हे मोजलंय? या दोन गोष्टी वेगळ्या. एमएमपी तयार होतो तेव्हा त्याच्या धारेवर म्यान असतं, ते निघालं की मगच तो कापतो, आणि कापत असतानाही टिंप येऊन त्याला धरू शकतो. नेहमीची एलायझा टेस्ट, म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजणारी, किटप्रमाणे म्यानातला, उघडा, टिंपने धरलेला, सगळे एकत्र मोजून टाकते. तलवारी किती आहेत ते कळलं, चालतायत किती ते नाही.

लॅबमध्ये आम्ही झायमोग्राफी करायचो, ती मला फार आवडायची, कारण त्यात कापणं डोळ्यांनी दिसतं. जेलमध्ये जिलेटिन मिसळायचं, अश्रूंचं सॅम्पल त्यातून विजेवर पळवायचं, मग धुऊन एन्झाइम जागे करायचे, कॅल्शियमच्या द्रावणात ३७ डिग्रीला रात्रभर ठेवायचं, सकाळी निळा रंग द्यायचा. सगळं जेल गडद निळं होतं आणि जिथे एन्झाइमने जिलेटिन खाल्लं तिथे पांढरी रिकामी पट्टी राहते, ९२ किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) आसपास एमएमपी-९, ७२ च्या आसपास एमएमपी-२. निळ्या आभाळात रेघ ओढल्यासारखं. पण यात पण मेख आहे, त्या प्रक्रियेत म्यानातला एन्झाइमसुद्धा जागा होतो आणि टिंप सुटून जातो, म्हणजे डोळ्यात जो गप्प बसला होता तोही जेलमध्ये जिलेटिन खाऊन दाखवतो. तर रिपोर्टवर कोणी जेलचा फोटो लावला आणि एवढा एन्झाइम चालतोय म्हणाला तरी हे विचारा.

दुसरा प्रश्न, आकडा कशाच्या तुलनेत आहे? दर मिलिलिटर अश्रूमागे की दर मिलिग्रॅम प्रथिनामागे? केराटोकोनसमध्ये काही अभ्यासांत अश्रूंमधली एकूण प्रथिनंच कमी दिसलीत, लॅक्टोफेरिन कमी, आयजीए अँटिबॉडी कमी. आता खालचा आकडाच घसरला तर भागाकार आपोआप फुगणार, शाळेतलं गणित. एमएमपी तेवढाच असून रिपोर्टमध्ये तो वाढलेला दिसेल.

तिसरं, एकट्या एमएमपी-९ वर भाळू नका. सोबत टिंप-१ मोजलाय का, टीएनएफ-अल्फा, आयएल-६ मोजलंय का, आणि दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं मोजलंय का. दोन्ही डोळ्यांचं पाणी एकाच नळीत जमा केलं असेल तर तो रिपोर्ट माझ्या मते कागदाचं विमान करायला बरा, कारण हा आजार जवळजवळ नेहमी दोन्ही डोळ्यांत असतो पण एकात पुढे आणि एकात मागे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा रिपोर्ट टोपोग्राफीशेजारी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशाशेजारी, ठेवूनच वाचायचा. शंकू वाढतोय की नाही हे अश्रू ठरवत नाहीत, नकाशा ठरवतो. त्यात दोन आकडे बघा, केमॅक्स म्हणजे सगळ्यात उभ्या चढणीच्या जागेची वक्रता, आणि सगळ्यात पातळ जागेची जाडी. नॉर्मल पडद्याची वक्रता ४३-४४ डायोप्टरच्या आसपास असते. वर्षभरात केमॅक्स एक डायोप्टर किंवा जास्त चढला तर बहुतेक डॉक्टर त्याला वाढ समजतात. मशीन शक्यतो एकच ठेवा, वेळ तीच ठेवा, कारण सकाळी उठल्यावर कॉर्निया जरा सुजलेला असतो, आणि कॉन्टॅक्ट लेन्स आधी बंद करा, मऊ असेल तर एक-दोन आठवडे, कडक असेल तर त्याहून जास्त, किती ते डॉक्टर सांगतील. लेन्सने पडदा दाबून ठेवलेला असताना काढलेला नकाशा खोटं बोलतो.

मी एका वहीत तारीख, चष्म्याचा सिलिंडर नंबर, ॲक्सिस, केमॅक्स, जाडी, आणि पुढे "चोळलं का" असा एक रकाना असं सगळं लिहितो. वहीच, ॲप नाही, ॲपमध्ये मी कधीच परत जाऊन बघत नाही.

आता चोळणं

इथे जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण बाकी सगळं दुसऱ्यांच्या हातात आहे आणि हे आपल्या हातात आहे, अक्षरशः.

२०१३ मध्ये एक साधा प्रयोग झाला. ज्यांना डोळ्याचा काही त्रास नाही अशा लोकांना फक्त ६० सेकंद डोळे चोळायला सांगितलं आणि आधीचे-नंतरचे अश्रू तपासले. एमएमपी-१३ वाढला, आयएल-६ वाढला, टीएनएफ-अल्फा वाढला. एका मिनिटात, आणि तेही चांगल्या डोळ्यात. आता ज्याचे पहारेकरी आधीच कमी आहेत आणि टाके सैल आहेत तो दिवसातून वीस वेळा चोळत असेल तर काय होईल हे सांगायला शास्त्रज्ञ नको. वरून बोटाच्या सांध्याचा दाब वेगळा, त्याने पातळ झालेला भाग ढकलला जातो. केराटोकोनसवाले बरेच जण बोटाच्या टोकाने नाही, मूठ वळून सांध्याने चोळतात, गोल गोल, जोर लावून. तुम्ही कसे चोळता ते घरच्यांना विचारा, आपल्याला स्वतःला माहीत नसतं. मला आईने सांगितलं, "अरे तू लहानपणापासून पीठ मळल्यासारखे डोळे मळतोस", आणि मला वाटायचं मी कधीतरीच करतो.

चोळल्यावर बरं का वाटतं ते पण बघा. डोळ्यावर दाब आला की एक नस मेंदूला निरोप देते आणि हृदयाची गती जरा मंदावते, शांत वाटतं. म्हणून ताणात असलो की हात तिकडे जातो. आणि ॲलर्जी असेल तर चोळल्याने मास्ट नावाच्या ॲलर्जीच्या पेशी फुटून आणखी हिस्टामिन, म्हणजे खाज आणणारं रसायन, बाहेर पडतं, म्हणजे अजून खाज, अजून चोळणं. मनाला समजावून हे सुटत नाही, मी दोन वर्षं समजावलं. आधी खाज घालवावी लागते.

तर खाजेचं कारण शोधा. ॲलर्जी असेल तर डॉक्टर ओलोपॅटाडिन किंवा केटोटिफेनसारखे थेंब देतात, ते हिस्टामिन पण अडवतात आणि मास्ट पेशींना फुटू पण देत नाहीत. ते रोज, सांगितलेले दिवस टाकायचे, खाज आल्यावरच टाकले तर वरातीमागून घोडं. कोरडेपणा असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू घ्या. बेंझाल्कोनियम क्लोराइड नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह दिवसातून अनेकदा डोळ्यात गेलं तर वरच्या पेशींना त्रास देतं, म्हणजे खाज घालवायला टाकलेला थेंबच खाज आणतो. कृत्रिम अश्रूंचा दुहेरी फायदा आहे, ओलावा मिळतो आणि साठलेला दाहाचा माल धुतला जातो. फ्रीजमध्ये ठेवून गार टाकले तर खाज लगेच बसते, हा माझा सगळ्यात आवडता उपाय आहे.

मग वेळा पकडा. आठवडाभर फक्त नोंद ठेवा, सोडायचा प्रयत्न पण करू नका, नुसतं लिहा कधी चोळलं. माझ्या चार वेळा निघाल्या: उठल्या उठल्या, चष्मा काढल्यावर, लेन्स काढल्यावर, आणि रात्री स्क्रीनसमोर. यातली उठल्या उठल्याची सगळ्यात वाईट, कारण वर सांगितलं तसं रात्रभर एमएमपी-९ साठलेला असतो आणि पडदा पण सुजून मऊ असतो, त्याच क्षणी आपण मूठ फिरवतो. त्यावर उपाय म्हणून मी उशाशी थेंबाची छोटी कुपी ठेवली, डोळे उघडले की आधी हात तिकडे जायचा, दोन थेंब, दोन मिनिटं मिटून पडून राहायचं. महिन्याभरात हाताला सवय लागली.

अगदीच राहवलं नाही तर डोळ्यावर नाही, भुवईच्या हाडावर किंवा नाकाच्या कडेच्या हाडावर दाबा. गार पाण्याचा कपडा मिटल्या डोळ्यावर नुसता ठेवा, दाबू नका. झोपेत चोळत असाल तर रात्री कडक प्लास्टिकची शील्ड मिळते ती बांधा, दिसायला भयंकर पण काम करते. पोटावर किंवा मनगट डोळ्याखाली घेऊन झोपायची सवय असेल तर तीही सोडा, बऱ्याच जणांचा जास्त बिघडलेला डोळा त्याच कुशीचा असतो. आणि घरात एकाला अधिकार द्या, "हात!" असं ओरडायचा. माझ्याकडे तो अधिकार पुतणीला आहे, ती पाच वर्षांची आहे आणि दयामाया दाखवत नाही.

लहान मुलं खूप चोळत असतील, दर काही महिन्यांनी सिलिंडर नंबर बदलत असेल, दिव्याभोवती पिसारा किंवा एका अक्षराच्या दोन-तीन सावल्या दिसतात म्हणत असतील, तर नुसता चष्मा बदलत बसू नका, टोपोग्राफी करा. माझा नंबर एका दुकानात तीनदा बदलला, दर वेळी नवीन चष्मा, कोणी नकाशा काढायला पाठवलं नाही. घरात एकाला असेल तर भावंडांची पण तपासणी करून घ्या. आणि नंबर घालवायच्या लेसरच्या जाहिराती बघून तिकडे धावू नका, लॅसिक आधीच कमजोर पडदा आणखी पातळ करतं, म्हणून केराटोकोनसमध्ये ते करत नाहीत.

एन्झाइम अडवणारं औषध का नाही घ्यायचं

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. कात्री वाढलीय ना, मग कात्री बंद करा. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक एमएमपी अडवतं हे खरं आहे, कॉर्निया वितळायला लागतो अशा काही आजारांत ते डॉक्टर वापरतात पण. पण केराटोकोनस त्याने थांबतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि गरोदरपणात, लहान मुलांत ते चालत नाही. स्टेरॉइडचे थेंब दाह कमी करतात, एमएमपी-९ पण उतरतो, आणि मनाने टाकत राहिलात तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू, नाहीतर मोतीबिंदू, आगीतून फुफाट्यात. वेदनाशामक एनएसएआयडी थेंबांनी तर काही पेशंटचा कॉर्निया वितळल्याच्या नोंदी आहेत. दाह दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिनच्या थेंबांनी केराटोकोनसच्या पेशंटमध्ये अश्रूंमधला एमएमपी-९ उतरल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलंय, डॉक्टर कोरडेपणासाठी ते देत असतील तर उत्तमच, पण त्या भरवशावर तपासण्या चुकवू नका. तांब्याच्या आणि जस्ताच्या गोळ्यांचंही तसंच, एन्झाइमला धातू लागतो म्हणून धातू गिळला की तो बरोबर कॉर्नियात जाऊन बसेल असं शरीर चालत नाही.

वाढ थांबवणारा खरा उपाय टाक्यांच्या बाजूने येतो, क्रॉसलिंकिंग. ०.१ टक्के रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ व्हिटॅमिन, कॉर्नियात मुरवायचं आणि त्यावर ३७० नॅनोमीटरचा यूव्ही-ए प्रकाश टाकायचा, मूळ पद्धतीत ३० मिनिटं. हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने धाग्यांमध्ये नवीन बंध तयार होतात, सुस्त शिंप्याचं काम बाहेरून करून दिल्यासारखं. २००३ मध्ये याचे पेशंटवरचे पहिले निकाल छापून आले. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे नंतर डुकराच्या कॉर्नियावर प्रयोग झाले, क्रॉसलिंक केलेला पडदा कोलॅजिनेज, पेप्सिन, ट्रिप्सिन या कापणाऱ्या एन्झाइमांमध्ये बुडवून ठेवला तर तो साध्या पडद्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकला. म्हणजे कात्री तीच, कापड चिवट झालं.

पण कापड पुरेसं असावं लागतं, नेहमीच्या पद्धतीत वरची कातडी काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन जाडी हवी, नाहीतर प्रकाश आतल्या पेशींना इजा करू शकतो. म्हणून उगाच वाट बघू नका, वाढ दिसली की विचारा. दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं, डोळ्यात कांदा कापून ठेवल्यासारखं, मग काही आठवडे धूसर दिसतं. आणि हे वाढ थांबवायला आहे, शंकू सपाट करायला नाही, नंतर चष्मा किंवा कडक लेन्स किंवा स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) लागतेच बऱ्याच जणांना. आमच्या ओळखीत एकाने क्रॉसलिंकिंगनंतर परत चोळायला सुरुवात केली, आता झालं ना म्हणे पक्कं. नाही झालं, नकाशा परत सरकला.

गरोदरपणात आजार वाढू शकतो म्हणून त्या काळात तपासणी जवळजवळ ठेवा. आणि कधी अचानक एका डोळ्यात कळ आली, पाणी वाहायला लागलं, आणि बुबुळावर पांढुरका ढग आल्यासारखं दिसलं तर तो हायड्रॉप्स असू शकतो, म्हणजे पडद्याच्या आतला थर फाटून पाणी आत शिरलंय. त्या दिवशी एमएमपीची टेस्ट, वही, हे पान सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, जाताना गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या, आणि रस्ताभर हात मांडीखाली दाबून बसा.